रिकामा आलेला डबा

सोमवार, संध्याकाळ

डबा रिकामाच पाठवला त्या मेल्या नव्या कोचने! कोणाचा डबा असा परत करतात का? जुना कोच गुळाचा खडा तरी घालायचा. आमची नात सोनी रग्बी खेळते. टीमला नवा कोच आला म्हणून तिच्या हाती डब्यात चिवडा दिला होता. त्याने आपल्या ओळखीच्या पोरी टीममध्ये आणल्या, सोनीला काढलं. डबा घेऊन घरी आली. रडली नाय. मी झेंडू ओवत बसले.

जुना कोच आता ओडिशाच्या टीमला हाय, सोनीला तिकडे खेळायला बोलावतोय. तिचा बाप म्हणतो, "आई, बास झालं. आता लग्न."

"तू कधी बॉल धरलास का रे?" म्हटलं.

डबा ओट्यावर तसाच. उद्या जुन्या कोचचा फोन येईल. तो सोनीनेच घ्यायचा, बापाने हात लावायचा नाय.