बीरला जाऊन आलो

पनवेल,
ऑक्टोबर २०१६

प्रिय एलू,

परवा आपलं बोलणं मधेच तुटलं, तेव्हा रेंज गेली असं मी तुला मागाहून कळवलं. रेंज कुठेही गेली नव्हती, फोन मीच बंद केला. का केला, ते तुझ्या पपांच्या देखत सांगता येत नाही, आणि आजकाल ते घरभर माझ्या मागे मागे असतात. आत्ता जेवून पडले आहेत, म्हणून कागद घेऊन बसले.

आधी तुझ्या परेशची हकिगत ऐक. तुझा शाळेतला परेश, उरणच्या कोळ्यांचा, ज्याच्या घरून तू सुकटीचा वास अंगाला लावून यायचास आणि मी तुला थेट मोरीत उभा करायचे. तो आता बीर बनवतो. कारखान्यातली नव्हे, थोडी थोडी, स्वतःच्या हाताने. खारघरच्या एका हॉटेलात त्याने जेवण ठेवलं होतं. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी बीर, आणि कुठल्या घासावर कुठला घोट घ्यायचा ते हा उभा राहून सांगणार. मला हसूच आलं. आमच्या वेळी लोक बीर लपून प्यायचे, आता तिची शिकवणी निघाली. त्याने आमंत्रणाचा फोन केला आणि तो नेमका पपांनी उचलला. ‘काका, रविवारी काकूंना घेऊन बीरला यायचं. नाय म्हणायचं नाय.’

आता तूच सांग, आपल्या घरात बीर म्हणजे काय? तू इस्रायलात बीरशेव्याला गेल्यापासून आपण त्या गावाला नुसतं बीरच म्हणत आलो. एलूचा बीरहून फोन आला, बीरला यंदा ऊन फार. पपांनी रिसीव्हर ठेवला, दोन्ही हात चोळले आणि मला म्हणाले, ‘बथशेबा, एलूने बोलावलंय.’

मी समजावलं. मग चिडले. मग पुन्हा समजावलं. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी तुलाही फोनवर सांगितलंय, त्यांच्या आठवणीतलं जे जातंय ते परत येणार नाही. त्यांना तुझी ओळख आहे तोवर भेट व्हावी म्हणूनच तर तू डिसेंबरचं तिकीट काढलंस. मीही तेवढ्याच आशेवर दिवस ढकलत होते. रविवारी त्यांनी कपाटावरची बॅग काढली, सणाचा सफेद सदरा घातला, आणि नव्याच्या सणासाठी मी आदल्या दिवशीच थापलेला गव्हाच्या चिकाचा हलवा डब्यात भरून घेतला. काळ्या मनुकांच्या सरबताची बाटलीही घेतली, तिकडचं एलूला आवडत नाही म्हणून. इतके महिने मी त्या चेहऱ्यावर असा आनंद पाहिला नव्हता. मी हात टेकले आणि टॅक्सी बोलावली.

कळंबोलीला ट्रकांच्या गर्दीत टॅक्सी अडकली आणि ते झोपी गेले. जागे झाले ते खारघरात. एवढाल्या इमारती, मागे उघडा डोंगर. म्हणाले, ‘विमानात छान झोप लागली, नाही?’ पनवेलचा विमानतळ होणार होणार म्हणून आपण किती वर्षं ऐकतोय, तो त्यांच्यापुरता झाला होता. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

परेशने आपली आठवण ठेवली होती रे. आपल्याला चालत नाही म्हणून आमच्या टेबलावर त्याने कोळंबी येऊ दिली नाही. हिरव्या वाटणातलं पापलेट आणि गव्हाची, जराशी गढूळ बीर. मग नारळाच्या दुधातलं मटण आणि कॉफीसारखा वास येणारी काळी बीर. मला ती कडू लागली, पण मटणावर बरी होती, खोटं कशाला बोलू. पपा एकेक घोट घेत सगळीकडे बघत होते. आजूबाजूला नोकरीवाली तरुण जोडपी, सगळी मराठीत बोलणारी. मला हळूच म्हणाले, ‘आपली माणसं किती झाली गं इथे.’

मग परेश काळी बीर ओतायला वाकला. पपा उठले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शुक्रवारी रात्री तुझ्या डोक्यावर ठेवून म्हणायचे तो आशीर्वाद म्हणाले. एकही शब्द चुकला नाही. माझं नावसुद्धा मधूनच विसरतात ते, एलू. मग म्हणाले, ‘वाळलास रे.’ परेशने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही की खुणावलंही नाही. तो म्हणाला, ‘हो पपा, काम फार हाय.’ मग सगळ्या लोकांसमोर त्याने उभ्या उभ्या हलवा खाल्ला, सरबत घेतलं. आणि आत निघून गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

तेव्हापासून पपा शांत आहेत. फोन वाजला की धावत नाहीत, तिन्हीसांजेला दारात उभे राहत नाहीत. सिनेगॉगमध्ये सगळ्यांना सांगतात, बीरला जाऊन आलो, एलूला भेटलो, मोठ्या हॉटेलात आहे, पण वाळलाय. लोक माझं अभिनंदन करतात. मला कुठेतरी जाऊन ओरडावंसं वाटतं. तुझी सगळी वाट त्यांनी परेशवर खर्चून टाकली.

परवा तू फोनच्या पडद्यावर आलास, तेव्हा त्यांनी तुला नमस्कार करून ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं. तुला वाटलं चेष्टा करतात, तू हसलास. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘भला माणूस दिसतो. एलूला ओळखत असेल.’ तुझं हसू पुसलं जाताना मला बघवेना, म्हणून बंद केला फोन.

तिकीट रद्द कर, असं लिहायलाच मी बसले होते. लिहिता लिहिता रागच आला, तुझा, त्यांचा, त्या बीरचा. त्यांच्यासाठी येण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. त्यांची भेट झाली. वाट बघणारी या घरात मी एकटीच राहिले, आणि माझ्यासाठी कुणी तिकीट काढलेलं नाही. तेव्हा डिसेंबरचंच तिकीट मनाशी माझ्या नावावर कर आणि ये. फक्त आलास की त्यांना पपा म्हणू नकोस, ते घाबरतील. एलूचा मित्र आहे म्हण, बीरहून आलोय म्हण. ते तुला आत बसवतील आणि एलू कसा आहे ते विचारतील. बरा आहे म्हणून सांग. दार मीच उघडणार आहे, तेव्हा पायरीवर, ते यायच्या आत, मला एकदा हळूच आई म्हण.

तुझीच,
आई