एकशे तीन मणी

चीफ, तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले की माझा आवाज आपोआप खाली येतो, दर वाक्यात 'प्लीज' येतं, आणि आज मला प्लीज म्हणायचं नाही. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात माणसाचा राग निवतो म्हणे. माझा निवलेला नाही. गेल्या रविवारी मुलगी कपाट आवरायला मदत करत होती. डबीतून तिने माझं मंगळसूत्र काढलं, आणि त्याच्यासोबत एक पिवळं पडलेलं पाकीट, त्यात एकच काळा मणी. "आई, हा लूज का ठेवलायस? इट्स जस्ट वन बीड, वी कॅन फिक्स इट," म्हणाली. मी ते पाकीट तिच्या हातातून हिसकावूनच घेतलं. तिच्यावर निघालेला राग तिचा नव्हता, तुमचा होता, तेव्हा ज्याचा त्याला पोचवायला बसले आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलेला पहिला प्रश्न आठवतो का? नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही. "वजन किती तुझं?" मी एकतीस वर्षांची, नागपूरची इंजिनिअरिंगची पदवी, इथली, अमेरिकेतली मास्टर्स, आणि पर्समध्ये नागरिकत्वाचा कोरा करकरीत कागद, कारण त्याच्याशिवाय जहाजदुरुस्तीच्या त्या यार्डाच्या गेटातून कुणी आत सोडत नसे. धक्क्याला ती म्हातारी युद्धनौका उभी होती. कित्येक वर्षं झोपवून ठेवलेली आणि आता सरकारच्या लहरीने पुन्हा उठवलेली. तिच्या नऊ तोफांच्या नळ्या आतून साफ करायच्या, मापायच्या, तपासायच्या, हे आपल्या टोळीचं काम. तुम्ही तिच्याच जातीच्या जहाजावर तरुणपणी तोफखान्यात होतात, म्हणून सगळे तुम्हाला चीफ म्हणायचे. मी वजन सांगितलं, शंभर पौंड. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत, पान्याचा नंबर बघावा तसं, आणि म्हणालात, "छान. मावशील."

सोळा इंच व्यासाची नळी म्हणजे किती अरुंद, हे टेपवर कळत नाही, खांद्यांना कळतं. साठ फुटांच्या वर लांब नळी, आतून पीळदार खाचा कोरलेल्या, जुन्या ग्रीजचा तो गोडसर कुजका वास, आणि मी चाकं लावलेल्या अरुंद फळीवर उताणी, हातात टॉर्च आणि आरसा, घोट्याला दोर. दोराचं दुसरं टोक तुमच्या हातात. वर्षानुवर्षं तोंडाला पितळी झाकण घालून बंद ठेवलेल्या त्या नळ्या. बारा माणसं लांब दांड्याचा ब्रश रेटून त्या साफ करत, पण खाचेच्या कोपऱ्यात बसलेला गंज ब्रशला सापडत नसे, त्याला डोळे लागत. डोळे माझे. त्या टोळीत माझ्या पदवीचा तेवढाच उपयोग होता, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही थोडं वाटतं.

तुमचे दोन नियम होते. पहिला फळ्याचा. नळीत जे जे जाईल ते खडूने फळ्यावर लिहायचं आणि बाहेर आलं की खोडायचं. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलंत: टॉर्च एक, आरसा एक, फडकी दोन, किड एक. टोळी हसली. एकतिसाव्या वर्षी मी किड, पोर! अंगावरचं सगळं काढून कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवायचं: घड्याळ, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र. मी निमूटपणे ठेवत होते. दुसरा नियम मापाचा. नळीचा व्यास इंचाइंचाला मोजायचा, एकाने आकडा ओरडायचा, दुसऱ्याने तो परत म्हणून लिहायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजायचं. एकदा तुम्ही माझा अख्खा दिवसाचा तक्ता टराटरा फाडलात, कारण मी एका ठिकाणी दुसरं माप न घेता पहिलाच आकडा उतरवला होता. "एकदा विचारलं तर लोखंड खोटं बोलतं," म्हणालात. "दोनदा विचार." घरी येऊन मी रागाने कणीक अशी तिंबली की नवऱ्याने विचारलं, आज काय पोळ्या लाटायच्या आहेत की कुणाला बडवायचंय.

तरीसुद्धा खरं सांगते, काम मला तुम्ही शिकवलंत. आरसा किती तिरपा धरला की खाचेची कड चमकते, बोटाला लागणारा खरखरीतपणा गंजाचा की जुन्या माऱ्याने झिजलेल्या पोलादाचा, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण एका दुपारी तो कॉफीचा डबा उघडून टोळीतल्या एकाने माझं मंगळसूत्र बोटावर फिरवलं आणि विचारलं, "हे काय, जादूटोणा?" बाकीचे खिदळले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एका शब्दाने त्याला गप्प करू शकला असतात. तुम्हीही हसलात, चीफ. मोठ्याने नाही, पण हसलात. माझ्या आईने नागपूरला स्वतःच्या हाताने ओवलेलं ते मंगळसूत्र. मधे दोन वाट्या आणि दोन्ही बाजूंना बारीक काळे मणी. नवऱ्याने कधी म्हटलं नाही की घालच. मीच घालत होते, कारण त्या यार्डात सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं असं तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी मी ते डब्यात ठेवलं नाही. अंगभर घालायच्या कव्हरऑलच्या आत, छातीवर चिकटपट्टीने चिकटवलं आणि आत शिरले. फळ्यावर ते नव्हतं.

नळीच्या मध्यावर पोचते आहे. घामाने पट्टी सुटली आहे हे मला कळत नाही. कड बघायला कुशीवर वळते, कॉलरमधून घसरलेला मंगळसूत्राचा सर फळीच्या चाकाखाली येतो, आणि तट्. एवढासा आवाज. मग मणी घरंगळायला लागले, खाचांच्या पिळातून, पायांकडे, डोक्याकडे, कुठे कुठे, आणि तो आवाज त्या नळीत असा मोठा होत गेला की मला वाटलं सगळं जहाज ऐकतंय. "ओढा!" मी ओरडले. तुम्ही दोर ओढलात. बाहेर आले तेव्हा वाट्या आणि काही मणी मुठीत होते. तुम्ही मूठ उघडायला लावलीत, टोळीसमोर, आणि म्हणालात, "तुझा नवरा कोण आहे याच्याशी तोफेला काही देणंघेणं नाही." हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. यावर द्यायचं उत्तरही तयार आहे: आदल्या दिवशी तुम्ही हसला नसतात तर ते डब्यातच असतं.

मग मीच तीनदा आत गेले, पांढरं फ्लॅनेल आणि चिमटा घेऊन, खाच न् खाच पुसत. तुम्ही बाहेर पांढऱ्या कापडावर मणी मांडत होतात. दुपार सरली. शेवटच्या खेपेला काहीच मिळालं नाही. तुम्ही मोजलेत, मग परत मोजलेत, दोनदा, नियमाप्रमाणे. एकशे तीन. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "मुळात किती होते?"

मला माहीत नव्हतं. आपल्या गळ्यातले मणी कुणी मोजतं का? आमच्याकडे आकडा माहीत नसला की एकशे आठ म्हणून मोकळं होतात, ते जिभेवर आलंही होतं. पण एक गोष्ट मला माहीत होती, शाळेतल्या पोरालाही कळेल अशी. आईने दोन्ही बाजूंना सारखे मणी ओवले होते. दोन सारखे भाग मिळून एकशे तीन होत नाहीत. म्हणजे निदान एक तरी मणी आत होता. खरं सांगितलं असतं तर त्या नळीचं काम थांबलं असतं, चौकशी झाली असती, आणि कव्हरऑलमध्ये लपवून काय नेलं होतं हे माझ्या नावावर चढलं असतं. माझी कायम होण्याची फाइल त्याच महिन्यात वर गेली होती. मी म्हणाले, "एकशे तीन." तुम्ही फळ्यावर लिहिलंत, मणी एकशे तीन आत, एकशे तीन बाहेर, आणि रेघ मारलीत. तपासणीच्या वहीत सही केलीत. मी पेन मागितलं तर म्हणालात, "तुझी नको. टोळी माझी आहे." तक्ते फाडणारा माणूस, लोखंडाला दोनदा विचारणारा माणूस, त्याने मला एकदाच विचारलं! का? दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी खरं बोलले असते. हाच माझा खरा राग आहे. किती वर्षं तो मी नळीसारखा तेल लावून जपला आहे.

जहाज गेलं. काही महिन्यांनी समुद्रावर पहिल्या माऱ्याच्या आधी खलाशांनी त्या नळीतून कोरडं फडकं फिरवलं, आणि त्यावर एक काळा मणी आला. पाकिटात घालून त्यांनी तो यार्डाला पाठवला. त्या मण्याने तोफेचं काही बिघडलं नसतं, काचेचा भुगा झाला असता, हे नंतर मी स्वतः हिशेब करून पाहिलं. पण वहीत सही होती. यार्डाच्या साहेबाच्या खोलीत तुम्ही उभे, मी तुमच्या शेजारी. साहेबाने विचारलं, मोजलं कुणी? तुम्ही म्हणालात, "मी. चुकलं माझं." तुम्ही! मापात केसाएवढा फरक पडला तर झोप न लागणारे तुम्ही. मी तोंड उघडलं, तर तुम्ही माझ्याकडे न बघता हात किंचित वर केलात, टोळीला थांबवताना करायचात तसा. आणि मी थांबले. तुम्हाला जहाजावरून काढून यार्डाच्या मागच्या मैदानात पाठवलं, जिथे गवतात, लाकडी ओंडक्यांवर जादाच्या नळ्या पडून होत्या. निवृत्तीपर्यंत तुम्ही त्यांची झाकणं तपासत आणि ग्रीज चोपडत राहिलात. तुमची टोळी मला मिळाली. मला न विचारता माझी चूक तुम्ही उचलून नेलीत, जशी मी कुणी लहान पोर होते. दया कोणी मागितली होती? फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिलंत तीच मी शेवटपर्यंत राहिले, किड एक.

एवढं लिहून झालं. आता हे पाकिटात घालायचं म्हटलं तरी तुमचा पत्ता नाही, आणि हे वाचणारं तुमच्या घरी कुणी नाही. तेव्हा डबीतच जाईल, मण्याशेजारी. पण वर एक गोष्ट चुकीची लिहिली आहे आणि तुमच्यासमोर पहिलंच माप ठेवून चालत नाही. तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी मैदानात आले होते. तुम्ही हात पुसलेत, खिशातून खलाशांनी पाठवलेलं ते पाकीट काढलंत आणि मणी माझ्या तळहातावर ठेवलात. म्हणालात, "हा तुझा." मग हळू, कुणी ऐकत नसताना, विचारलंत, "किड, मुळात किती होते?"

दोनदा विचारलंत, चीफ. एकशे चौथा मणी माझ्या हातात होता, आणि मी म्हणाले, "एकशे तीन."