मे महिन्यापर्यंत दिवंगत

वीव्हर्स लेन, ब्रॅकनशॉ
फेब्रुवारीतला रविवार, प्रार्थनेहून आल्यावर

आदरणीय सिरिल,

प्रभूच्या कृपेत तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, इनॉकचा, मनापासून सलाम. तुमचा गुडघा, छातीतला कफ आणि शेजारच्या बाईंचं मांजर, ह्या तिन्हींचा त्रास आता कमी झाला असेल अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण एडना बरी आहे. थंडीने तिची बोटं आखडतात, पण जीभ चालते. हे पत्र उघडण्याआधी तुम्ही चहा केला नसेल तर आधी करून घ्या आणि मग खुर्चीत नीट बसून वाचा. कारण मला जी बातमी कळवायची आहे ती तुमच्याच निधनाची आहे.

दोष कुणाचा हे शेवटी तुम्हीच ठरवा. मी घडलं तसं लिहितो. (आमच्या गावच्या शाळेत एकाच खोलीत सगळे वर्ग बसत, त्यामुळे माझं लिहिणं एका गोष्टीतून दुसरीत जातं. तेवढं सांभाळून घ्या.) तुम्ही वेल्सच्या किनाऱ्यावर लँडड्नोला जाऊन घरातला फोन काढून टाकलात आणि फुटबॉलचं पान न वाचता त्यात मासे गुंडाळता, असं एडना सांगते. म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल, पण ह्या हंगामात आपला ब्रॅकनशॉ टाऊन तळाला गेला. नोव्हेंबरपासून एकही सामना जिंकला नव्हता. आणि संघाचा मॅनेजर म्हणजे आमच्या लेकीचा, जॅनिसचा, नवरा ग्लिन. सरळ पोरगा, वेल्श असूनही फार गात नाही. ते राहतात ते घर क्लबचं आहे. ग्लिनला काढलं की घर गेलं, आणि घर गेलं की जॅनिस आणि आमची छोटी बेथन स्वान्झीला जाणार. बेथन नुकती चालायला लागली आहे, आणि अजून तरी ती चालते ती आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेनेच. तेव्हा दर शनिवारी मी मैदानाच्या फिरत्या फाटकावर तिकिटं घेत असतो तेव्हा माझ्या मनात फुटबॉल नसतो, एवढं समजून घ्या.

त्यात डिसेंबरात क्लबचे अध्यक्ष लॉफ्टहाउस पेपरात म्हणाले की, ग्लिनवर आपला पूर्ण विश्वास आहे. एडनाने ते वाचलं आणि रडायलाच बसली. तुम्ही मॅनेजर होतात तेव्हा तुमच्यावरही त्यांचा पूर्ण विश्वास होता, तो किती दिवस टिकला हे तुम्हाला मी काय सांगावं.

आणि मग लोकांना तुम्ही आठवू लागलात. आधी हळूहळू, मग खोकल्याची साथ पसरावी तसे. फाटकातून आत येणारा प्रत्येक जण म्हणायचा की सिरिलच्या वेळी असं नव्हतं. सिरिलच्या वेळी पोरं घाम गाळायची, मैदानात विकायचे ते मटणाचे पाई गरम लागायचे, पाऊससुद्धा मध्यंतरात पडायचा. मी मान डोलवायचो आणि तिकीट फाडायचो. मला मात्र शंका यायची, सिरिल. मी तुमची आठही वर्षं त्याच फाटकावर होतो. मला आठवतात ते शून्य-शून्यचे सामने, ज्यांत दोन्ही गोलकीपर थंडीने गारठून जायचे. तुमच्या वेळी आपण वरच्या डिव्हिजनमध्ये एकदाही गेलो नाही. (राग मानू नका, खालीही गेलो नाही, आणि आता त्यालाच लोक सुवर्णकाळ म्हणतात.) सगळ्यात जास्त हळहळ कोण करत होतं माहीत आहे? होरेस स्क्वायर्स. होय, तोच न्हावी, ज्याने तुमच्या शेवटच्या सामन्याला प्रेक्षकांच्या कट्ट्यावरून गरम पाई फेकला आणि तो तुमच्या टोपीवर बसला. आता तो दुकानात तुमचा फोटो लावून डोळे पुसतो. पाई फेकणारा माणूस पुढे रडतो तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघतो, आता त्यात काय आहे म्हणून.

ह्या होरेसनेच बेत काढला. त्याचं म्हणणं, ओरडून काही होत नाही, आपण गप्प राहून निषेध करू. सामना सुरू होताना अख्ख्या कट्ट्याने एक मिनिट तोंड उघडायचं नाही, टोप्या काढायच्या, आणि सिरिलच्या दिवसांची आठवण करायची. त्यासाठी त्याच्या बायकोने पलंगपोसावर तुमचा चेहरा रंगवला. (नाक बरं जमलं आहे, कान दुसऱ्या कुणाचे असावेत.) खाली तुमच्या कारकिर्दीची वर्षं घातली, १९७१ ते १९७९. मला हे फाटकावरच कळलं, आणि ते ग्लिनला घालवायला निघाले आहेत एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. पुढे काय होणार हे ना मला सुचलं ना त्यांना.

आता तुम्ही विचार करा. पाहुण्या संघाचे लोक रेल्वेने आलेले, त्यांना आपलं घरचं भांडण काय माहीत. त्यांना दिसलं काय, तर समोरचा अख्खा कट्टा टोप्या काढून गप्प उभा, आणि मध्ये एका म्हाताऱ्याचं चित्र, खाली दोन सालं. त्यांनी लगेच टोप्या काढल्या. (वर्षांचा हिशोब कुणी केला असता तर आठ वर्षांचा पोर गेला म्हणून रडावं लागलं असतं, पण अशा वेळी हिशोब कोण करतो.) रेफरीला वाटलं की आपल्याला कुणी सांगायला विसरलं. भला माणूस, त्याने शिट्टी खाली घेतली आणि खेळाडूंना मधल्या वर्तुळाभोवती उभं केलं. पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, माना खाली घातल्या. हे बघून आपल्या लाउडस्पीकरवाल्याचा धीर सुटला आणि तो भरल्या आवाजात म्हणाला, "सिरिल ऑर्मरॉड. ब्रॅकनशॉ तुम्हाला विसरणार नाही."

बस, तिथे तुम्ही गेलात.

होरेसचं तोंड मी पाहिलं. तो निषेध करायला आला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या निषेधाचा अंत्यविधी झाला. पण हजारो लोक टोपी हातात धरून उभे असताना, थांबा हो, माणूस जिवंत आहे, हे ओरडायचं कुणी? आणि खरं सांगतो, थोड्या वेळाने त्यालाही वाटलं असावं की आपल्यालाच बातमी उशिरा कळली. तो रडला. पाहुण्यांचा गोलकीपर तर जास्तच रडला. तो सोळा वर्षांचा असताना तुम्ही त्याला इथून काढून टाकलं होतं, तरी तो रडला, आणि त्याच्या पायांमधून आपले दोन चेंडू गेले. नोव्हेंबरनंतरचा पहिला विजय. पाहुण्यांच्या मॅनेजरने ग्लिनचे दोन्ही हात धरून म्हटलं की घरातलं माणूस गेलं असताना तुम्ही उभे राहिलात, मानलं तुम्हाला. ग्लिनला वाटलं, जॅनिसचे मामा खरंच गेले आणि सामना होईपर्यंत घरच्यांनी त्याच्यापासून लपवलं.

मी फाटक बंद करून धावत घरी पोहोचलो तोवर बातमी माझ्याआधी पोहोचली होती. दारात तीन शेजारणी, टेबलावर त्यांनी सांत्वनाला आणलेला अख्खा हॅम, दोन केक, आणि एडना एप्रनमध्ये तोंड घालून हुंदके देत होती. शेजारणी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने आधी मला ओल्या फडक्याने मारलं, मग तुम्हाला चार शिव्या दिल्या (का, ते कळलं नाही), मग बराच वेळ हॅमकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "ह्या आठवड्यात ते ग्लिनला काढणार होते ना?" मी हो म्हणालो. "सुतकात नाही काढणार," ती म्हणाली आणि सुरी आणायला उठली.

सिरिल, मी खोटं बोललेलो नाही. हे मला तुमच्यापेक्षा देवाला जास्त सांगायचं आहे, पण पत्र तुमच्या नावे आहे. कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणतो की सिरिल आता शांत ठिकाणी आहेत. तिथे खिडकीतून समुद्र दिसतो हे सांगायचं राहून जातं. रेव्हरंड पिम ह्यांनी रविवारी तुमच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा मीही मनापासून आमेन म्हटलं, कारण तुमच्या आत्म्याला प्रार्थनेची गरज तुम्ही जिवंत असतानाही होतीच.

पण मला झोप नाही, कारण मला सगळ्यांचाच संशय येतो. लॉफ्टहाउस बघा. हा माणूस स्वतःच्या गिरणीतली कापडाची चिंधी कुणाला फुकट देत नाही. त्याने संघाच्या दंडाला बांधायला काळं कापड दिलं, आणि तेही चांगल्यातलं. आणि एकदाही विचारलं नाही की दफन कधी आहे. ज्याला खरंच दुःख होतं तो दफन कधी आहे ते विचारतो. तेव्हा त्याला ठाऊक असावं. मैदान भरतंय, लोक शिव्या द्यायच्या विसरले आहेत, मग तो कशाला तोंड उघडेल? पोस्टमनवरही माझा डोळा आहे. तुमचं नाताळचं कार्ड ह्या वर्षी उशिरा, जानेवारीत, तुम्ही गेल्यानंतर आलं, आणि ते देताना त्याने त्यावरचा लँडड्नोचा शिक्का वाचलेला मी पाहिला आहे.

आणि होरेस. गेल्या गुरुवारी मी केस कापायला गेलो. न गेलो असतो तर संशय आला असता, गेलो तर त्याला आला. त्याने मला खुर्चीत मागे टेकवलं, गळ्याला साबण लावला, वस्तरा टेकवला, आणि मग विचारलं, "इनॉक, त्यांना नेमकं झालं काय?"

आता वस्तरा गळ्यावर असताना माणूस खोटं बोलत नाही, आणि फार खरंही बोलत नाही. मी म्हणालो, "सगळं अचानकच झालं, होरेस."

"हाल झाले का?"

"त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

(ह्यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा.)

त्याने वस्तरा पुसला, आरशातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, संपलं. मग तो हळूच म्हणाला, "तो पाई मी फेकला होता, इनॉक. कुणाला सांगू नकोस."

सगळ्या कट्ट्याने बघितलेली गोष्ट त्याने मला गुपित म्हणून सांगितली. मी म्हणालो, सिरिलने तुला माफ केलं असेल. ह्यावेळी मात्र मी खोटं बोललो असेन. तुम्ही कळवा.

इतकंच. त्या दिवसापासून ग्लिनचा संघ हरलेला नाही. एडना सांगते की तुम्ही लोकरीचे मोजे घाला आणि मासे फार तळू नका. बेथन तुमच्या फोटोला चुंबन देते. तो फोटो हल्ली सगळ्यांच्या घरी आहे.

प्रभू तुमचं रक्षण करो, आणि शक्यतो वेल्समध्येच करो.

तुमचा नम्र मेहुणा,
इनॉक हेपवर्थ

ता. क. मूळ मुद्दा राहिला. हंगाम मेमध्ये संपतो. तोवर ब्रॅकनशॉला येऊ नका, पेपराला पत्र लिहू नका, आणि लँडड्नोच्या फिरायच्या रस्त्यावर आपल्याकडचा कुणी दिसला तर समुद्राकडे तोंड करा. हे तुमच्यासारख्या मानी माणसाला मागणं सोपं नाही. पण जिवंतपणी तुम्ही ग्लिनला जे देऊ शकला नसतात ते आत्ता देत आहात. तुमच्या बहिणीच्या नातीसाठी एवढं करा.

आणखी एक. हे पत्र मी तेव्हा पोस्टात टाकलं नाही. हिंमत झाली नाही, आणि पोस्टमनचं सांगितलंच आहे. आता मार्च संपत आला. आपण आणखी सामने जिंकलो, खालून वर आलो, आणि बुधवारी दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबची माणसं लांब गाडीतून आली. त्यांना ग्लिन हवा आहे. पगार तिप्पट, घर मोठं, पुढे बाग. जॅनिस हसत होती आणि रडत होती. त्यांना ईस्टरच्या आधी जायचं आहे, आणि बेथनचा पाळणा काल मी स्वतः सुटा करून बांधला. कट्ट्यावर आता सगळे म्हणतात की ग्लिनसारखा मॅनेजर पुन्हा व्हायचा नाही. डिसेंबरात ह्याच लोकांनी त्याच्या गाडीवर अंडी मारली होती, पण मी मान डोलवतो आणि तिकीट फाडतो.

तेव्हा तुम्ही आता खुशाल जिवंत व्हा. पेपराला लिहा, गाडी पकडा, होरेसच्या दुकानात जाऊन दाढी करा, माझी काही हरकत नाही. फक्त येत्या शनिवारी नको. शनिवारी दुपारी ती दोघं आणि बेथन निघणार आहेत, आणि त्या दिवशी एडनाला रडण्यासाठी दुसरं कुठलंही कारण मला द्यायचं नाही.