शेजारच्या सीटचा ब्रेक

२ सप्टेंबर, शनिवार

दाराचं आतलं पॅनल निघालं! दीड तास, दोन नखं आणि चार तुटलेल्या क्लिपा, पण निघालं. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याने बजावलं होतं, "ताई, घाबरत ओढू नका. घाबरत ओढलं की क्लिप तुटते." मी घाबरतच ओढलं.

गाडी पंधरा वर्षांची. दारांवरचं कापड फुगून सुटलंय, गिअरभोवतीचं रेक्झिन फाटलंय, छताचं कापड तर डोक्याला लागतं. आठ महिने खाली पार्किंगमध्ये नुसती झाकून ठेवलेली. परवा नवरा म्हणाला, "चालवायचीच नसेल तर विकून टाकू. उभ्या उभ्या कुजतेय बिचारी." तो मोटरसायकलवाला. घरात गाडी येते ती फक्त मला. येत होती म्हणू.

मी म्हटलं, आधी आतून नीट करते, मग बघू. बरं म्हणाला. फार विचारत नाही, हे त्याचे उपकारच.

इथे खरं लिहायला हरकत नाही. गाडीचं दार खोललेलं असलं की "चल, चालव" असं कोणी म्हणू शकत नाही.

३ सप्टेंबर, रविवार

सासूबाई प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन खाली आल्या. सोबत स्टीलची वाटी. "स्क्रू यात टाक. घरात झाकणं हरवतेस, इथे स्क्रू हरवशील." मग दोन तास वाटी धरून बसून होत्या. वाटी उजव्या हातात. डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही.

ते मनगट माझ्यामुळे मोडलं. जानेवारीत, धुक्यात, कडेला उभा असलेला ट्रक मला उशिरा दिसला. ब्रेक दाबला, पण थोडक्यासाठी गाडी आदळलीच. मला ओरखडा नाही. त्यांचा हात समोर डॅशबोर्डच्या कप्प्यावर आपटला. पुढचा पत्रा गॅरेजवाल्याने तेव्हाच सरळ केला. कप्प्याचं झाकण मात्र अजून एका बिजागरीवर लोंबतंय. नवीन आणून ठेवलंय, पण ते सगळ्यात शेवटी लावीन. आज त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. दर दुसऱ्या रविवारचा नेम. मावशी ब्याऐंशी वर्षांच्या, घर तासाभरावर, वाटेत दोन बस बदलायच्या. या मनगटाने बसचा दांडा धरता येत नाही. आठ महिने दोघी बहिणी फोनवर भेटताहेत.

आणि आठ महिन्यांत सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये नाही, घरी नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चार खडे बोल ऐकून मोकळी झाले असते.

५ सप्टेंबर

ऑफिस. काम नाही केलं. मीटिंगमध्ये क्लिपांचाच विचार.

६ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकली. कारण लिहिलं "घरगुती". खोटं नाही.

काच खालीवर करायच्या हँडलपाशी घोडं अडलं होतं. स्क्रूच दिसेना. पार्टवाल्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "स्क्रू नसतोच ताई. आत तारेची क्लिप असते. हँडलच्या मागे फडकं घाला आणि बूट पुसतात तसं इकडून तिकडे ओढा. आणि क्लिप उडाली की बघा कुठे जाते, मागाहून सापडत नाही."

पहिली उडाली ती शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली. अर्धा तास पालथी पडून शोधली. दुसऱ्या वेळी सासूबाई टॉवेल पसरून समोर उभ्या राहिल्या. मी फडकं ओढलं, टक् आवाज आला आणि क्लिप थेट टॉवेलमध्ये! "आमच्या शाळेत मुलींना क्रिकेट खेळू देत नव्हते, नाहीतर दाखवलं असतं," म्हणाल्या. मग दोघी हसत सुटलो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात थांबून बघत राहिले.

या बाईंनी मला काय काय दिलं! स्वतःचं लग्न झालं तेव्हा सायकलही येत नव्हती त्यांना, आणि मला गाडी शिकायला क्लासात त्यांनी घातलं. नवरा नको म्हणत होता. "ती शिकेल आणि मला फिरवेल," एवढंच म्हणाल्या होत्या. फिरवलं की अकरा वर्षं. आज हे सगळं आठवून रडू आलं. दाराला रेक्झिन चिकटवता चिकटवता रडले, बरं झालं, गोंदाच्या वासावर ढकलता आलं.

९ सप्टेंबर, शनिवार

आज माझं तोंड मला नडलं.

शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट काढलं. एका जागी पार झिजलंय, खालचा पत्रा दिसतो. टाचेचा एक खड्डा आणि त्याच्या पुढे चवड्याचा. सासूबाईंचा ब्रेक! अकरा वर्षं तिथे बसून त्या नसलेला ब्रेक दाबत आल्या. सिग्नल आला, दाब. कुत्रं दिसलं, दाब. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की माझ्या आधी त्यांचा पाय. सुरुवातीला भयंकर राग यायचा. मग सवय झाली. मग तर बरंच वाटायचं.

पार्टवाल्याने तशाच दुसऱ्या गाडीतला तुकडा कापून दिलाय. अगदी कोरा. "या गाडीत शेजारी कोणी निवांत माणूस बसत असणार," म्हणाला. मी हे सगळं सासूबाईंना हसत हसत सांगितलं आणि तो झिजलेला तुकडा त्यांच्यापुढे धरला. "बघा आई, तुमचा ब्रेक."

त्या हसल्या नाहीत. तुकड्याकडे बघत राहिल्या, वाटी खाली ठेवली आणि वर निघून गेल्या.

काय गरज होती मला? ज्या ब्रेकवरून त्यांचा हात मोडला त्याचीच थट्टा! त्यांनी मला माफ केलेलं नाही. करावं तरी का.

१० सप्टेंबर, रविवार

त्या खाली आल्या नाहीत. वाटी मात्र पायरीवर ठेवलेली होती, स्क्रू पुसून.

छताचं कापड लावायला नवऱ्याला धरून आणलं. तासभर हात वर करून उभा, केसांत गोंद, तरी तक्रार नाही. शेवटी सरळच विचारलं, "चालवणार आहेस का गं?" मी म्हटलं, गोंद वाळायला दोन दिवस लागतात. खरंच लागतात.

१३ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी घरात शिरत होते. सासूबाई आतल्या खोलीत मावशींशी फोनवर. "तिला काही म्हणू नकोस गं, मीच नाही म्हणते. गाडीचं काम चाललंय ना. ते संपलं की बघू."

माझंच वाक्य! सबबही माझीच. चपला हातात घेऊन तशीच दारात उभी राहिले. मला सांभाळून घ्यायला त्या सख्ख्या बहिणीला थापा मारतात, आणि मी रेक्झिन निवडत बसलेय.

१६ सप्टेंबर, शनिवार

कप्प्याचं नवीन झाकण लावलं. चार स्क्रू, दहा मिनिटं. ज्याला आठ महिने घाबरले ते दहा मिनिटांत. बंद केलं तर टपकन बसलं. वाटीत आता एकही स्क्रू नाही, आणि माझ्याकडे एकही सबब नाही.

वर जाऊन विचारलं, "आई, उद्या मावशींकडे जायचं का? मी नेते." त्यांनी हातातल्या टॉवेलची चार वेळा घडी केली. मग म्हणाल्या, "चांगलं ऊन पडल्यावर निघू."

नवऱ्याने न सांगता टायरमध्ये हवा भरून आणलीय. देवाने किती चांगली माणसं दिलीत मला.

१७ सप्टेंबर, रविवार

गेलो. आलो. गाडी धड, माणसं धड.

पहिल्याच वळणाला बघितलं, त्यांचा पाय नव्या कार्पेटवर घट्ट दाबलेला. मी म्हटलं, "दाबा आई, बिनधास्त दाबा." तर समोर बघतच म्हणाल्या, "त्या दिवशी दाबला नव्हता गं. मला डुलकी लागली होती. जागी असते तर वेळेवर लागला असता ब्रेक. आठ महिने सांगेन सांगेन म्हणते, तुझ्यापुढे तोंड उघडत नाही."

गाडी कडेला घेतली.

मावशींनी आग्रह करकरून जेवायला घातलं. तरी येताना सासूबाईंनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही.