रायपूरहून रोज कोणी येते

मु. कामठा, ता. गोंदिया
डिसेंबर २००८

प्रिय खुमेंद्र,

सप्रेम रामराम. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींना नमस्कार सांग, चिरंजीव ओमेश्वरला आशीर्वाद. इकडे धान घरात आले, सौ. राजकुमारीचा खोकला उतरला, आणि मी (हसू नकोस) इंटरनेट पाहून थक्क होऊन बसलो आहे.

चि. भूमेश्वरीचे लग्न यंदा जमवायचेच म्हणून समाजाच्या विवाहाच्या वेबसाइटवर तिचे पान टाकले. फोटो, बी.एस्सी., शेती, सगळे. गोंदियात श्यामलालचे इंटरनेटचे दुकान आहे, तिथे जाऊन ते पाहत असतो. दिवाळीच्या आधी एकदा त्याने कुठेशी बोट दाबले आणि म्हणाला, "काका, कौन कौन आया था, सब दिखता है." खुमेंद्र, मी चपला काढल्या. (दुकानात कोणी काढत नाही, पण हात आपोआप जोडले गेले, मग पाय तरी तसेच कसे राहतील?) पडद्यावर अख्खा मुलूख पसरलेला आणि त्यावर ठिपके. नागपूरचा एक जण थेट शेतीच्या ओळीवर गेला आणि तिथूनच परतला. दुर्गवाला फोटो न पाहताच गेला. आणि रायपूरचा कोणी रोज दुपारी येतो, फोटोपाशी थांबतो आणि सावकाश जातो. बिचाऱ्यांना वाटते, आपल्याला कोणी पाहिले नाही. एवढे तर आपल्या गावच्या पानठेल्यालाही जमत नाही.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. उघड मुलगी पाहायला येण्याआधी मुलाकडचा एक माणूस बैल पाहायच्या निमित्ताने गावात येतो. तो कशासाठी आला हे सगळ्यांना कळते, तरी आपण त्याला बैलच दाखवतो, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. मला वाटले, हाही तसाच पाहुणा. रोज दारापर्यंत येतो आणि कोरडाच परततो, हे काही आपल्याला शोभत नाही. म्हणून भूमेश्वरीच्या पानावर सगळ्यांत वर मी ठळक अक्षरांत लिहवून घेतले: 'रायपूरच्या पाहुण्यांना नमस्कार. आपण रोज दुपारी येता, फोटोपाशी थांबता, आनंद वाटतो. एकदा चहाला या.'

दुसऱ्या दिवसापासून रायपूर गप्प. दुर्ग, भंडारा, नागपूर, सगळे ठिपके विझले. राजकुमारीने कपाळावर हात मारला. "काऊन लिवलं तुमी असं? लपून पायनाऱ्याले कोणी च्या इचारते का?" भूमेश्वरी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण भाजी कशाची हेसुद्धा सांगत नाही. ओळ मी पुसून टाकली, पण गेलेला पाहुणा फिरकत नाही. आणि माझी दशा अशी की, आता हवामानाचे पान उघडायचे तरी आधी केस सारखे करतो. पलीकडे कोण ठिपका मोजत बसला असेल, काय नेम?

असो. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
भोजराज

ता. क. : दिवाळीच्या आठवड्यात रायपूरचा ठिपका बंद होता, आणि बालाघाटहून कोणी रोज दुपारी येत होते. त्या आठवड्यात तू रायपूरचे घर बंद करून सहकुटुंब सासरी, बालाघाटला होतास. मी काही विचारत नाही. बैल विकायचा आहे, पाहायला ये. ओमेश्वरलाही आण, त्याला बैलांतले काही कळत नसले तरी चालेल.

ता. क. २ : त्याच वेबसाइटवर ओमेश्वरचेही पान आहे; त्यावर गोंदियाहून कोणी वारंवार येते, असे तुलाही दिसत असेल. त्यांतले चारदा मी होतो. बाकीचे कोण, हे आत्ताच घरात विचारले, तर भूमेश्वरी इतक्या दिवसांनी बोलली: "बाबूजी, कोण कुठं जाते ते कायले पाऊन राहिले तुमी?"