दुसरी किल्ली

१२ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. भाऊजींचा खोकलाही थांबला असेल.

एकाच शाळेत, भिंतीपलीकडे बसून पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण मुख्याध्यापिकेच्या खोलीत पाऊल टाकलं की मी समुपदेशक राहत नाही, तुझी धाकटी होते. आणि धाकटीला तू बोलूच देत नाहीस.

मला खेळाच्या सामानाची खोली दिलीस, हसून घेतली. कुणी रजेवर गेलं की "तू रिकामीच आहेस" म्हणून वर्गावर धाडलंस, गेले. सकाळी ज्याला वर्गात ओरडायचं, त्यानंच दुपारी येऊन माझ्यापाशी मन मोकळं करायचं! तेही चालवून घेतलं. माझी सगळी भिस्त चिठ्ठ्यांच्या पेटीवर होती. नाव लिहायचं नाही, किल्ली फक्त माझ्याकडे, असं मी प्रत्येक वर्गात सांगितलं होतं. धीर आला की मुलं मग आपणहून भेटायला यायची.

नववीतल्या त्या मुलीनं लिहिलं होतं, "आईबाबा तीन महिने एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप मी पोचवते. मला आता नको झालंय." मी रजेवर असताना तू पेटी उघडलीस. अक्षर लगेच ओळखलंस. पाचवीत तूच शिकवलंयस तिला. वडिलांना बोलावून चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवलीस.

"भल्यासाठीच केलं गं," म्हणालीस. त्यांनी तिला काय ऐकवलं, ठाऊक आहे? "घरचं चव्हाट्यावर मांडलंस." आता ती माझी खोली टाळायला लांबच्या जिन्यानं जाते. ताई, केसानं गळा कापलास. परक्यानं केलं असतं तर निदान कडकडून भांडले असते.

मघापासून एक गोष्ट लिहायची टाळतेय. तू कुलूप फोडलं नाहीस. दुसरी किल्ली मीच तुला दिली होती, पहिल्याच दिवशी. "हरवली तर असू दे, तू काय परकी आहेस?" आणि त्यानंतर वर्गावर्गात जाऊन "फक्त माझ्याकडे" म्हणत राहिले.

आज पेटीत एकच चिठ्ठी होती. अक्षर मीही ओळखलं.

"बाई, किल्ल्या किती आहेत?"

उद्या मधल्या सुट्टीत तिला खरं सांगणार आहे. "दोन होत्या" म्हणायचं की "दोन आहेत", ते तू ठरव. शाळा भरण्याआधी माझ्या टेबलावर बघेन.

तुझी धाकटी,
पण फक्त घरी