भागू नदीवर गेली ते प्रकरण

७ जाने. २००१, रवि. कारेगाव

कादंबरीचं पाचवं प्रकरण झालं. सकाळी बसले ते दहापर्यंत उठले नाही. आई दोनदा ओरडून गेली.

भा. आता तेरा वर्षांची. (भा. म्हणजे भागूताई. एवढ्या मोठ्या कवयित्रीचं नाव असं तोडू नये, पण वही माझ्यापुरती आहे.) दौंडच्या रेल्वेलाइनवर राबणाऱ्या बापाची पोर. वस्तीने धम्म स्वीकारला, घराघरातले देव टोपल्यांत भरून भीमेत सोडायचं ठरलं. माझी भागू बापाच्या हातून टोपली घेते, डोक्यावर ठेवते, पाण्यात शिरते आणि हसत हसत उलटी करते.

लिहिताना अंगावर काटा. ज्या बाईने पुढे भरसभेत देवांना जाब विचारला, ती लहानपणी अशीच असणार. दुसरी कशी असेल?

९ जाने.

दादांची सेकंड शिफ्ट, म्हणून दुपारी जेवताना वाचून दाखवलं. घास हातातच राहिला त्यांचा.

"हसली म्हन! आशी पायजे पोरगी. ह्येला म्हंत्यात भागूताई."

आई म्हणाली, "आवो, जेवा आधी. कंपनीची बस तुमच्यासाठी थांबायची न्हाई."

दादांनी तरुणपणी भा.ना दौंडच्या सभेत ऐकलंय, स्टेजच्या अगदी खाली उभं राहून. त्या बोलत होत्या तेव्हा माणसं बिडी ओढायची विसरली, असं सांगतात. मी बी. ए. करावं हा हट्ट त्यांचा, आणि तो त्या सभेतून आला, हे मला माहीत आहे.

१२ जाने.

दादांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं. २५ फेब्रु.ला रविवारच्या वंदनेनंतर मी हे प्रकरण वाचायचं. मला विचारलंसुद्धा नाही.

पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र. पहिली तीन प्रकरणं आवडली. "मुलींपुढे आदर्श उभा राहतो आहे. हाच सूर ठेवा." पत्र चारदा वाचलं. उशीखाली ठेवलंय. वेडेपणा.

२१ जाने., रवि.

दौंडला जाऊन आले. न्हावरे, चौफुला अशी एस.टी. बदलत. पाटसच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी तासभर रांगली.

सुमनमावशी, भागूताईंची धाकटी बहीण. भा. गेल्यापासून एकट्याच राहतात. भिंतीवर भा.चा फोटो, तरुणपणीचा. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. "जयभीम म्हन आन् बस."

मेथी निवडत ऐकत होत्या. चार प्रकरणं नुसतं "व्हय, व्हय". बापाची विड्यांची चंची, घरातली पत्र्याची पेटी, सगळं बरोबर म्हणाल्या. मी खूश. मग पाचवं वाचलं. हात थांबले.

"आसं न्हाई झालं, पोरी."

"टोपली त्यांनी नाही नेली?"

"टोपली आयीच्या डोक्यावर. भागी दाराच्या चौकटीला धरून बसलीवती. वराडत व्हती. सोडंना. बानं बोटं एकेक करून सोडवली."

मी वही मिटली.

मग त्यांनी सांगितलं. देवघरातले टाक (देवांचे ठसे उठवलेले छोटे पत्रे; शब्द माहीत होता मला, वस्तू कधी हातात घेतलेली नाही, आमच्या घरात देव नव्हतेच) घासायचं काम भागूकडे. दर रविवारी चिंचेने घासायची, पुसायची, फडक्यावर मांडायची. एकेकाला नाव ठेवलेलं. "खेळणं कुठलं आमाला? त्येच खेळणं." खंडोबाच्या घोड्याशी तर बोलायची म्हणे.

आणि पुढचं. टोपली नदीवर पोचली तेव्हा तिच्यात एक टाक कमी होता. घोड्याचा. तो भागूने ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवला होता. सुमनमावशींना ठाऊक होतं, त्या नऊ वर्षांच्या. कुणाला बोलल्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी कणगीत हात घातला तर टाक नाही.

"मग गेला कुठे?"

"मला काय म्हाईत." आणि भाजी घेऊन आत गेल्या.

निघताना म्हणाल्या, "तू लिवलंय त्येच ऱ्हाऊ दे. लोकांना त्येच आवडंल."

२२ जाने.

काही लिहिलं नाही. वाईट वाटतंय. कशाचं, ते नीट… माझी भागू खोटी निघाली म्हणून? की खरी भागू माझ्यासारखीच, कुठल्याही पोरीसारखी निघाली म्हणून?

२९ जाने. शिरूर

मी शिकवते त्या क्लासमध्ये आठवीच्या मुलींना पाचवं (जुनंच) वाचून दाखवलं. टाळ्या. सगळ्या गेल्यावर मुमताज दप्तर भरत रेंगाळली.

"मॅडम, ती कधीच रडत नाही का?"

"का गं?"

"असंच. मग मला नाही जमणार तिच्यासारखं."

एवढं सहज म्हणाली आणि गेली.

आदर्श, आदर्श करत मी काय लिहिलंय? पोरींनी लांबून बघायचा पुतळा.

३ फेब्रु.

दादांना सांगितलं, बदलणार आहे. ते चिडतील हे माहीत होतं, पण एवढे नाही.

"देव लपवला म्हनून लिवनार? भागूताईनं? आगं, टपूनच बसल्यात लोक. म्हंत्याल, बघा, ह्यांचं मन अजून तिथंच हाय."

"दादा, तेरा वर्षांची होती ती."

"म्हनून काय झालं? आमी तिच्याकडं बघून उभं ऱ्हायलो. तू तिला रडाया लावती व्हय?"

आई मधे पडली. "पोरगी शिकलीय, तिला कळत आसंल काय तरी." दादा न जेवताच कंपनीच्या बसकडे गेले. माझ्यामुळे. आजवर असं कधी झालं नव्हतं.

४ फेब्रु., रवि.

हसत देव बुडवायला काय लागतं? माझ्यासारखीने, जिच्या घरात कधी नव्हतेच, तिने हसून बुडवणं सोपं. मी तेच भा.च्या माथी मारलं.

पण जिचं त्यांच्यावर प्रेम होतं, जिने दर रविवारी त्यांना घासलं… आणि पुढे तीच भागूताई झाली. कुणी बोटं सोडवून माणूस तसं होत नाही. मधे काहीतरी स्वतःहून सोडलं असणार. कणगीतून टाक गेला तो दिवस. तो कुणालाच माहीत नाही. म्हणजे तो मला लिहायचाय.

भा.बद्दल इतका आदर मला आजवर वाटला नव्हता.

१३ फेब्रु.

नवीन पाचवं पूर्ण. भर दुपारी, सगळे कामावर असताना, भागू टाक परकराच्या ओच्यात बांधून एकटी नदीवर जाते. कुणी पाठवलेलं नाही, कुणी बघत नाही. रडते. आणि सोडते. तिथे प्रकरण संपतं.

प्रकाशकांना एक प्रत पाठवली. मावशींना पत्र: २५ला विहारात नवीन वाचणार आहे, पण तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही. आधीचंही छापणार नाही. मग पुस्तक भागूशिवायच… म्हणजे नाहीच.

१९ फेब्रु.

प्रकाशक: "आधीचा प्रसंग अधिक प्रेरक होता. पुन्हा विचार करावा." एवढंच.

मावशींचं कार्ड, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: "तू विहारात वाचणार आहेस ना. मी येते. ऐकून मग सांगते."

म्हणजे २५ला, सगळ्यांसमोर.

२३ फेब्रु.

दादा तीन आठवडे कामापुरतंच बोलत होते. आज शर्टाला इस्त्री करता करता, माझ्याकडे न बघता, "कोनतं वाचनार हाईस?"

"नवीन."

इस्त्री फिरवत राहिले. "आवाज मोठा ठेव. मागच्यांना आयकू येत न्हाई."

मंजुरी म्हणायची की राग, कळलं नाही.

२५ फेब्रु., रवि.

वंदना सुरू व्हायला तासभर आहे. मावशी सकाळच्या गाडीने आल्या. दादा स्वतः स्टँडवर आणायला गेले. हात जोडून उभे. भागूताईंची बहीण आपल्या घरात!

चहा झाला. मावशी म्हणाल्या, "तितं गर्दीत मला नीट उमजायचं न्हाई. हितं वाच एकदा."

वाचलं. दादा दारात, पाठ आमच्याकडे. आईने स्टोव्ह बंद केला. शेवटची ओळ झाली.

मग मावशी म्हणाल्या, "पानी किती लिवलंस?"

"घोट्याएवढं."

"आगं, न्हाई." हात स्वतःच्या कमरेला लावला. "हितपातूर वला व्हता परकर. मीच वाळत घातला. आयीला सांगितलं, हिरीवर पडली म्हनून."

दादा वळले. मावशींनी पदराने चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "दुरुस्त कर, मग वाच."

'घोटा' खोडून 'कंबर' लिहिलंय. छापायला हो म्हणाल्या का, ते अजून विचारलेलं नाही. दादा चप्पल घालून उभे आहेत. मावशींना म्हणताहेत, "चला, म्होरं बसू आपन."